फरशीवाल्याचे गुडघे

माझा मोठा भाऊ छत्तीस वर्षं फरशा बसवतोय, म्हणजे छत्तीस वर्षं गुडघ्यांवर आहे. एखाद्याची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. दादाचं तर सगळं पोटपाणीच तिथे होतं. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याने असा दगा दिला की काम संपल्यावर त्याला दोघांनी धरून उठवावं लागायचं. वहिनी ओरडली, मी ओरडले, पण ऐकावं जनाचं, करावं मनाचं हा त्याचा जुना खाक्या. एक दिवस जिना उतरताना मधल्याच पायरीवर बसला आणि म्हणाला, "छोटे, हे काम सुटलं तर मी करू काय?" दुसऱ्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, ते झिजलंय, म्हणून सांधा दुखतो आणि सुजतो. मग इंजेक्शनचं निघालं. दंडातलं रक्त काढून यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून गुडघ्यात सोडायचा.

"काहींना फरक पडतो, काहींना नाही," त्या म्हणाल्या. "अस्तर पहिल्यासारखं होईल, असं मी सांगणार नाही. कळायलाही सहाएक आठवडे लागतील. आणि मांडीचे स्नायू तुम्हालाच कमवावे लागतील."

दादाच्या डोक्यात मात्र सिमेंट. नव्या फरशीवर एक दिवस पाय ठेवायचा नाही, दुसऱ्या दिवशी खुशाल नाचा, हा त्याचा नियम. इंजेक्शननंतर तो एक दिवस राजासारखा पडून राहिला. दुसऱ्या सकाळी वहिनी बघते तर स्वारी स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसलेली! "बसलंय का बघतोय," म्हणे. दुपारपर्यंत गुडघा टम्म फुगला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "फरशीला जीव नसतो हो," एवढंच म्हणाल्या. "याला आहे. जरा दमाने घ्या."

मग व्यायाम सुरू झाला. खुर्चीत बसून पाय सरळ धरायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. दादा कुरकुरत करायचा, पण करायचा. तीन महिन्यांत तो कठडा न धरता जिना उतरू लागला. इंजेक्शनने की व्यायामाने, हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगेनात. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली: पुन्हा तासन्‌तास गुडघ्यांवर बसायचं नाही.

दादा चार दिवस घरात नुसता अवजारं पुसत बसला.

"अरे, भिंतींना फरशा लागत नाहीत का?" शेवटी मीच तडकले.

"भिंतीचं काम नवशिक्यांचं."

"मग हो नवशिका! माझ्या ओट्यामागच्या भिंतीपासून सुरुवात कर."

आला. ओट्यावर दोरी ताणली, लेव्हल लावली, आणि उभ्याउभ्याच एकेक फरशी चढवत गेला. मध्येच स्टुलावर टेकायचा, पाय लांब करायचा, पुन्हा उठायचा. कितीतरी दिवसांनी मी त्याला काम करताना शीळ घालताना ऐकलं.

संध्याकाळी थापी धुता धुता त्याने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "तिच्यासाठी उद्या किती वाजता येऊ?"

मला खरं तर एकच भिंत करायची होती.

"आठला ये," मी म्हणाले. "उशीर केलास तर बघ."