अनसामावशींचा दसरा

अनसामावशी दवाखान्यात आल्या की आधी भिंतीशी बोलत, मग माझ्याशी. चपला दाराशी काढायच्या, पिशवी खुर्चीवर टाकायची आणि थेट भिंतीपाशी जाऊन उजव्या हाताची बोटं वर वर चढवायची. मागच्या खेपेला मी तिथं पेन्सिलीनं खूण केलेली असे. बोटं खुणेच्या वर गेली तर "चढली गं बया!" नाही गेली तर भिंतीच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग माझ्याकडे वळून, "हां बाई, बोला आता."

मी सांगलीत फिजिओथेरपी करते. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांचे खांदे मोकळे करणं हे माझं बरंचसं काम. मावशी विट्याच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावच्या, साठीला टेकलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात त्या आणि दोन शेळ्या. एकुलता मुलगा दिलीप शिरवळला कारखान्यात. मावशींचा उजवा स्तन काढला होता, केमोचे डोस पार पडले होते, रिपोर्टही चांगले होते. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

त्याला कारण मी. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना व्यायामाचा छापील कागद देऊन मीच म्हटलं होतं, "मावशी, हात जपा हं." त्यांना वाचता येतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यांनी शब्द तेवढा नेला. घरी जाऊन जुन्या लुगड्याची झोळी केली, हात गळ्यात बांधला आणि सहा महिने शेजारी राहणाऱ्या जावेच्या हातचं खाल्लं. परत आल्या तेव्हा खांद्याचं लाकूड झालेलं. "तुमी जपा म्हनला, मी जपला. दागिना जपत्यात तसा." चूक माझी आहे असं मी सरळ कबूल केलं. त्यावर त्या म्हणाल्या, "आसूं दे. चूक झाली की निस्तरायची. तिच्याम्होरं रडत बसायचं न्हाई."

हात बरा झाल्यावर काय करायचंय, हे मी प्रत्येकीला विचारते. कुणाला वेणी घालायची असते, कुणाला स्कूटर चालवायची असते. मावशी म्हणाल्या, "दसरा काढायचाय." घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, भांडीकुंडी, कपडे, अंथरुणं, पांघरुणं, याला आमच्या भागात दसरा काढणं म्हणतात. बाया त्यात आठ-आठ दिवस बुडालेल्या असतात. मावशींचं मात्र त्यावर घर अडलं होतं. दिलीपनं सांगून टाकलं होतं, आई, हात चालत नाही, एकटी राहू नकोस, दसऱ्याआधी टेम्पो घेऊन येतो, शिरवळला चल. मावशींनी पैज लावली होती. दसरा निघाला तर त्या इथंच राहणार, नाही निघाला तर तो म्हणेल तिकडे जाणार. मुलावर राग नव्हता. "लय गुणाचं पोरगं हाय. पन त्याच्या बिल्डिंगीत सकाळी उठून मी जायाचं कुटं?"

हातात तीन महिने होते. आम्ही दसऱ्याचे तुकडे केले. आधी ओला रुमाल पिळायचा, मग टॉवेल, मग लुगडं. दोन्ही हातांत काठी धरून डोक्यावर न्यायची. भिंत होतीच. दुखलं की मावशी ओठ आवळत आणि म्हणत, "दुखतंय म्हंजी हात अजून माझाच हाय." बाकावर बसून कण्हणाऱ्या बायकांना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अंगाला इचारायचं नसतं, सांगायचं असतं." मला ते आवडलं नव्हतं, पण बायका त्यांचं ऐकत, माझं नाही.

मग एकदा त्यांनी घरी एका दमात चार चादरी पिळल्या आणि हात सुजला. मी फैलावर घेतलं. पुढचे काही दिवस पिळणं बंद, रोज हाताला पट्टी. मावशी बाकावर हाताची पट्टी चाचपत बसून होत्या. शेवटी शेजारणीला म्हणाल्या, "इचारायचं बी असतं, बाई." सूज उतरली तशी आम्ही पुन्हा रुमालापासून सुरुवात केली. एक गोष्ट मी बजावली, "वाकळ उचलायची नाही." जुन्या लुगड्यांची थरावर थर शिवलेली वाकळ भिजली की गड्यालाही उचलत नाही. मावशी "बरं" म्हणाल्या. इतक्या चटकन त्या कधी बरं म्हणत नसत, म्हणून घट बसायच्या आधीच्या रविवारी मी उठून त्यांच्या गावी गेले.

अंगणात भांडी चकचकत होती, दोरीवर चादरी वाळत होत्या. दारात दिलीपचा टेम्पो उभा. घंगाळात वाकळ भिजत पडलेली आणि मावशी पदर खोचून तिच्यासमोर उभ्या.

"आई, बाईंनी नको म्हनलंय," दिलीप काकुळतीला आला होता. "पुन्यांदा हात सुजंल. ऱ्हाऊ दे ती वाकळ. चल आता."

"वाकळ कवा एकटीनं पिळत्यात व्हय रं? जाऊ धरायची, न्हाईतर शेजारीन. आज तू हायस. काढ भायेर आन् धर तिकडनं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उचलायचं काम तुमचं. पिळू द्या त्यांना, पण दमानं."

दोघांनी दोन टोकं धरली आणि उलट्या बाजूंनी पीळ घातला. पाण्याचा लोट अंगणात आला. दिलीपच्या जोरानं वाकळ त्याच्याकडे ओढली गेली, पण मावशींची मूठ सुटली नाही. "दमानं रं, समोर म्हशीचा कासरा न्हाई, आई हाय." मग दिलीपनं वाकळ खांद्यावर घेऊन दोरीपाशी नेली. तिची कड दोरीपलीकडे ओढायला मावशींनी हात वर केला. उजवा हात, कानाला लागेल इतका सरळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

दिलीप भिजल्या सदऱ्यानं आईच्या हाताकडे बघत होता. मग टेम्पोला लावलेली चावी काढून खिशात टाकत म्हणाला, "म्होरच्या वर्साला आधी सांग. रजा टाकून येतो. दोन वाकळा हायत्या न्हवं?"

"तीन," मावशी म्हणाल्या.