थांबणाऱ्या वीराची वर्गणी

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत लोकरीचं विणकाम करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण लोखंडाचं विणकाम करणारा माणूस एकच. अग्निशमन दलातली पाळी संपवून आले की आंघोळ, चहा, आणि मग गॅलरीत स्टूल टाकून भाऊ बसायचे. मांडीवर जुनी चादर, हातात पक्कड, शेजारी तारेच्या कड्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. कडीत कडी अडकवत, पकडीने दाबत त्यांनी अख्खा अंगरखा विणला. तो अंगात घालून ते चाळीचे जिने चढून बघायचे. वर पोचले की कठड्याला धरून उभे राहायचे आणि समाधानाने म्हणायचे, "जड आहे. चांगला जड आहे." पोरांनी त्यांचं नाव चिलखतभाऊ ठेवलं ते तेव्हाच.

या वेडाला थोडी मीही जबाबदार होते. मी त्यांची शेजारीण. दादरला एका छापखान्यात पत्रिका आणि पोस्टरं डिझाइन करायची आणि मोकळ्या वेळात कॉम्प्युटरवर गेम खेळायची. मृणाल नावाच्या मुलीने परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात खोली घेऊन, मोजक्या सोबत्यांना जमवून एक गेम करायला घेतला होता. शिलाहारांच्या काळातलं कोकण. त्यात राक्षस नाहीत, मंतरलेल्या तलवारी नाहीत. खाल्लं नाही तर नायक गळून जातो, पावसात भिजला की तापाने पडतो, तलवारीला धार लावावी लागते. पाठीशी कोणी शेठ नव्हता, म्हणून ज्यांना असा गेम हवा आहे त्यांनीच आधी पैसे द्यायचे. मी दिले, कारण परदेशातले किल्ले चढून मी कंटाळले होते. मला जांभ्या दगडाची भिंत आणि आपल्या भाषेत शिव्या देणारा पहारेकरी हवा होता. वरळीच्या कोळीवाड्यातल्या एका मुलीने दिले, कारण त्या काळची होडी कोणीतरी एकदा नीट दाखवावी अशी तिची इच्छा होती. प्रत्येकाचं कारण वेगळं.

भाऊंना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"ह्यातला गडी दमतो का गं?"

"दमतो ना. चिलखत घालून गड चढला की मध्ये थांबावंच लागतं त्याला."

"थांबतो?"

"थांबतोच. नाहीतर कोसळतो."

भाऊंनी तिथल्या तिथे वर्गणी भरली, आणि तार-पक्कडही त्यानंतरच आणली. हो, त्यांचा शब्द वर्गणीच. नंतर त्यांनी अर्ध्या चाळीला आणि आपल्या अग्निशमन केंद्रातल्या सहकाऱ्यांनाही भरायला लावली. तळमजल्यावरच्या परबांनी शंका काढली, की उद्या गेम झालाच नाही तर? भाऊ म्हणाले, "गणपतीची वर्गणी देता, तेव्हा विसर्जन झाल्यावर मूर्ती परत मागता काय?" परब हसले आणि त्यांनी पैसे दिले.

पण गणपती ठरल्या तिथीला येतो. गेम येईना. ठरलेली मुदत गेली, पुढची गेली. आधी दर पंधरवड्याला मृणालचा निरोप यायचा, मग तोही थांबला. परबांचं हसू आटलं. नळावर, जिन्यात, पूजेला, जिथे भाऊ दिसतील तिथे कोणीतरी विचारायचंच, "काय भाऊ, तुमचा वीर कुठल्या गडावर अडकला?" भाऊंनी शब्द टाकला होता म्हणून लोकांनी पैसे दिले होते, आणि शब्दाच्या बाबतीत हा माणूस फार हळवा. ते गॅलरीत बसेनासे झाले. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून भांडी आपटत म्हणायच्या, "सगळ्या वाडीक तोंड दाखवूची सोय ठेवूक नाय ह्यांनी."

शेवटी मृणालचा निरोप आला, आणि तो न येता तर बरं, असं वाटलं. एक मोठा गुंतवणूकदार पैसे घालायला तयार होता. पण नायकाने दमायचं नाही, थांबायचं नाही, ही त्याची अट होती. शक्तीचं पेय प्यायचं की गडी पुन्हा ताजातवाना. ही अट मानली नाही तर परळची खोली बंद करावी लागणार होती. वर्गणीदारांना विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही म्हणून तिने रविवारी दुपारी दादरच्या एका छोट्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं.

भाऊंबरोबर वहिनीही निघाल्या. "कोण ही मृणाल ती बघूक होयी," एवढंच म्हणाल्या.

सभागृहात आधीच आवाज चढलेले होते. कोणी पैसे परत मागत होतं, कोणी मृणालला फसवी म्हणत होतं. ती व्यासपीठाच्या कडेला उभी होती, हातातली पाण्याची बाटली नुसती फिरवत. गुंतवणूकदाराचा माणूसही आला होता. गृहस्थ शांत, बोलणं गोड. तो म्हणाला, "लोक दिवसभर दमूनच घरी येतात हो. खेळातही दमायचं कशाला?"

 बोलणं खोटं नव्हतंच.  परबांनी मान डोलावली. मृणाल म्हणाली, "मग... ज्यांना ही अट मान्य आहे त्यांनी हात वर करा." पुढच्या रांगेत हात वर व्हायला लागले आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली. भाऊ उभे राहिले होते.

"मला दोन शब्द बोलायचेत."

त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मी फायर ब्रिगेडमध्ये आहे. वरळीला एका जुन्या इमारतीत आग लागली होती. वरच्या मजल्यावर म्हातारा-म्हातारी अडकलेली. म्हाताऱ्याला मी खांद्यावर घालून खाली आणलं. लगेच परत निघालो. पाठीवर सिलिंडर, अंगावर ते सगळं जाड जाड. मध्यावर पाय गेले माझे. मी जिन्यात बसलो." त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.  "मागचे दोघे मला ओलांडून वर गेले. ते पोचले तेव्हा उशीर झाला होता. मी बसलो नसतो तरी कदाचित झालाच असता. कदाचित नसता. नंतर हॉस्पिटलात त्या म्हातारा-म्हातारीचा मुलगा आला. म्हणाला, तुम्ही जिन्यात बसला होतात? मी म्हटलं, हो. तो नुसता बघत राहिला माझ्याकडे. त्या पोराचा काय दोष? त्यानं आजवर पाहिलेला एकही वीर जिन्यात बसला नव्हता."

मग ते गोड बोलणाऱ्या गृहस्थांकडे वळले. "साहेब, तुमचं खरं आहे. लोक दमून येतात. म्हणूनच म्हणतो, आपल्यासारखा दमणारा एक तरी त्यांना दिसू दे." आणि ते खाली बसले.  मी वहिनींकडे बघितलं. वहिनी समोर बघत होत्या आणि पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

मृणालने पुन्हा विचारलं, "नायक दमला पाहिजे असं कोणाला वाटतं?"  मग मागून वरळीच्या त्या कोळ्यांच्या मुलीचा हात वर गेला. मग माझा, मग आणखी काही. सगळ्यांचे नाही. परबांनी शेवटपर्यंत हात वर केला नाही, पण अटीच्या बाजूने पहिल्यांदा वर केलेला खाली घेतला होता. मोजणी झाली आणि थोडक्या मतांनी आम्ही जिंकलो. म्हणजे गेम वाचला आणि पैसा गेला. ते गृहस्थ बॅग उचलून, मृणालला नमस्कार करून निघून गेले.

आम्ही टॅक्सीने परतलो. चाळीच्या दारात वहिनींनी विचारलं, "माका ह्या कधी सांगलास नाय?"

"त्या दिवशी घरी आलो तर तू गरम भात वाढलास," भाऊ म्हणाले. "मी जेवलो. जेवल्यावर कसं सांगणार?"

परळची खोली सुटली. काम मृणालच्या फणसवाडीतल्या घरी हललं आणि दुप्पट रेंगाळलं. काही जणांनी वर्गणी मागे घेतली. भाऊंना जिन्यातले टोमणे चुकले नाहीत, पण आता ते गॅलरीत बसायचे. सुट्टी असली की फणसवाडीला जायचे. पडद्यावरचा नायक बसायचा, उठायचा, आणि भाऊ मान हलवायचे. "लवकर उठतो हा. इतक्यात नाही उठता येत." मृणाल न कंटाळता पुन्हा करायची.

दरम्यान त्यांचा खोकला वाढत गेला. वर्षानुवर्षांचा धूर छातीत होताच. निवृत्तीनंतर जिना चढणं बंद झालं, मग गॅलरीपर्यंत येणंही. खोटा धीर त्यांना चालत नसे. मी म्हटलं, "भाऊ, गेम येईपर्यंत बरे व्हाल." तर म्हणाले, "तो येईल गं. माझं काही सांगू नकोस." दिवाळीच्या तोंडावर ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात गेम आला. फार मोठा गाजावाजा झाला नाही, पण ज्यांनी खेळला ते त्यातल्या दमण्याबद्दलच लिहीत होते. कोणी वैतागून, कोणी फार आपुलकीने.

एका दुपारी वहिनी माझ्या दारात आल्या. "तां लाव बघू तुझ्या मशीनवर."

मी लॅपटॉप पुढे ठेवला, कुठली बटणं दाबायची ते दाखवलं. वहिनींनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. नायक झाडावर आपटला, ओढ्यात पडला, शेवटी कसाबसा गडाच्या पायऱ्यांना लागला. मागून शत्रूची माणसं येत होती, त्यांच्या ओरडण्याचा आवाज जवळ जवळ येत होता. अर्ध्या वाटेवर गड्याचे पाय लटपटले आणि तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला. छाती वरखाली व्हायला लागली.

"वहिनी, हे बटण दाबत राहा," मी घाईघाईने म्हटलं. "म्हणजे लवकर उठेल. नाहीतर पकडतील त्याला."

वहिनींनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"रवांदे गो," त्या म्हणाल्या. "घेऊंदे तेका दम."