ब्रेकताई आणि रिकामा रस्ता

सलूनवाल्याच्या बायकोला अख्खं गाव ब्रेकताई म्हणतं. हे नाव शाळेच्या बसमधल्या पोरांनी ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा भर सभेत मुख्याध्यापकांच्या तोंडूनही निसटलं. फक्त नवऱ्यानं ते तिच्यासमोर कधी उच्चारलेलं नाही. त्याला घरात जेवायचं असतं.

ही बाई वीसेक वर्षं शाळेची बस चालवते आहे. लाल दिवा लागला की थांबते, पिवळा लागला की थांबते, आणि हिरवा असला तरी वेग कमी करते, कारण हिरव्याचा काय भरवसा. थांबली की हँडब्रेक ओढते. रस्त्यावर चिटपाखरू नसो, मागे दहाजण हॉर्नवर हात ठेवून बसलेले असोत, हँडब्रेक ओढायचा म्हणजे ओढायचा. तिच्या बसवर आजवर एक ओरखडा नाही आणि तिची बस आजवर एकदाही वेळेवर पोचलेली नाही. शेवटी शाळेनंच कंटाळून घंटा पुढे ढकलली.

तर या बाईला डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, दिवसभर बसून असता, जरा चालत जा. दुसरी कुणी असती तर चार दिवस चालली असती आणि पाचव्या दिवशी तिचा गुडघा दुखला असता. ही चालली, मग पळाली, मग पोहायला शिकली, मग भाचीची जुनी सायकल आणली आणि एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, "अहो, मी ट्रायथलॉनला नाव दिलंय. लांब पल्ल्याची."

सलूनवाल्यानं घास तोंडात धरूनच विचारलं, "म्हणजे काय असतं?"

"आधी तळ्यात पोहायचं, मग बाहेरच्या गोल रस्त्यावर सायकलच्या तीन फेऱ्या, मग तळ्याभोवती पळायचं."

"एका दिवशी एकच केलं तर नाही का चालणार?"

यावर तिनं जे पाहिलं त्याला पाहणं म्हणत नाहीत. त्यानं घास गिळला. तेव्हापासून त्या घरात पहाटेचा गजर होतो, न्हाणीघरात ओला पोहण्याचा पोशाख लोंबतो आणि सायकल बैठकीच्या खोलीत पाहुण्यासारखी भिंतीला टेकून असते. सलूनवाल्याचं वजन उतरलं ते निव्वळ झोप न झाल्यानं.

पहिल्या वर्षी घोटाळा झाला. शर्यतीचा नियम असा की भोंगा वाजायच्या आत सायकलच्या फेऱ्या संपल्या पाहिजेत. नाही संपल्या तर मागून एक छोटी बस येते, तुम्हाला सायकलीसकट उचलते आणि परत आणून सोडते. आता गोल रस्त्यावर पाच सिग्नल. शर्यतीसाठी रस्ता बंद केलेला, एक गाडी नाही, पण सिग्नल बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ब्रेकताई प्रत्येक लाल दिव्यापाशी थांबली. सीटवरून उतरून, एक पाय जमिनीवर टेकवून, दिवा हिरवा होईपर्यंत.

तिथले स्वयंसेवक ओरडून ओरडून थकले. "मॅडम, जा ना, रस्ता बंद आहे."

"रस्ता बंद असेल," ती म्हणाली, "सिग्नल चालू आहे."

भोंगा वाजला तेव्हा ती शेवटच्या सिग्नलपाशी उभी होती, आणि मागून ती बस आली. उरल्यासुरल्यांची गाडी. पोहण्यात, सायकलीत, उन्हात हरल्याचं तिला काही वाटलं नाही. पण वीस वर्षं लोकांच्या पोरांना घरी सोडणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून यावं लागलं, आणि तो ड्रायव्हर सगळा रस्ता अर्धा क्लच दाबून चालवत होता. घरी आल्यावर ती इतकंच म्हणाली, "त्या गाडीत मी परत बसणार नाही. शर्यत पूर्ण होईपर्यंत दरवर्षी उतरणार."

दरवर्षी. सलूनवाल्यानं हिशोब केला. म्हणजे दरवर्षी गजर, दरवर्षी तो ओला पोशाख, दरवर्षी ती सायकल. त्यानं त्याच क्षणी ठरवलं की पुढच्या खेपेला हिला भोंग्याच्या आत पोचवायचं, मग आकाशपाताळ एक करावं लागलं तरी बेहत्तर. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे बायकोवर. प्रेम होतंच हो, पण झोपही होती.

वर्षभर त्यानं तिला समजावलं. रस्ता बंद म्हणजे सिग्नलही बंद धरायचा. कुणी दंड करणार नाही. कुणी बघत नाही.

"पोरं बघतात," ती म्हणायची. "अर्धी शाळा रस्त्याच्या कडेला उभी असते. सोमवारी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, लाल दिव्याला थांबा म्हणून?"

त्यानं वाहतूक कचेरीत जाऊन सिग्नल बंद करण्याची विनंती केली. साहेब म्हणाले, एका बाईसाठी? सलूनवाला म्हणाला, एका नवऱ्यासाठी. साहेब हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

या वर्षी शर्यतीचा दिवस उजाडला तोच उकडत. सलूनवाला दाढीआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम ओला टॉवेल टाकतो, तसा टॉवेल कुणीतरी अख्ख्या गावाच्या तोंडावर टाकून ठेवला होता आणि काढायला विसरला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. घाम यायचा, पण वाळायचं नाव घेत नव्हता. सलूनवाला गोल रस्त्यावरच्या पहिल्या सिग्नलपाशी फूटपाथवर उभा होता, आणि शेजारी घडीच्या खुर्चीत छत्री उघडून सासूबाई बसल्या होत्या. मुलीची शर्यत बघायला त्या मुद्दाम आल्या होत्या. निदान तसं म्हणत होत्या. खरं तर जावयाची फजिती बघायची संधी त्या सहसा सोडत नाहीत.

"जावईबापू, तुम्हाला फारच घाम येतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण उतरला आहात का शर्यतीत?"

"तुमच्या मुलीनं आत्ता सिग्नल तोडला ना, तर मी घामानं आंघोळ करायला तयार आहे."

"ती नाही तोडणार. लहानपणी एकदा तिला म्हटलं, मी येईपर्यंत दारात उभी राहा. मी गेले बाजारात, तिथे बहीण भेटली, गप्पा रंगल्या. परत आले तर ही तिथेच उभी. शेजारणीनं घरात बोलावलं तर तिलाही नाही म्हणाली."

"हे लग्नाआधी सांगायचं होतंत."

"तुम्ही विचारलं कुठं?"

तेवढ्यात ती आली. पोहणं चांगलं झालेलं दिसत होतं, बरेचजण अजून मागे होते. दिवा लाल झाला. सलूनवाला रस्त्याच्या कडेला नाचायचा तेवढा राहिला. "जा, अगं जा!" ती थांबली, पाय टेकला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही डोक्यावर काहीतरी घ्या. ऊन लागेल." मग दिवा हिरवा झाला आणि ती गेली. मागून येणारे पाच-सहाजण तिला ओलांडून पुढे गेले होते.

पहिली फेरी अशीच गेली. सगळे सिग्नल, सगळे थांबे. सलूनवाल्यानं डोक्याला हात लावला आणि तो तिथून काढलाच नाही.

दुसऱ्या फेरीच्या आधी मात्र नशीब पालटलं. उकाड्यानं घराघरांत पंखे आणि एसी एकदम सुरू झाले असणार, कारण अचानक कुठेतरी काहीतरी धाडकन झालं आणि गावातली वीज गेली. समोरचं दुकान अंधारलं. आणि सिग्नलचे तिन्ही दिवे विझले.

सलूनवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "सासूबाई, वीज गेली."

"मला दिसतंय. पंखा बंद झाल्यासारखं तोंड तर तुमचं सकाळपासूनच आहे."

ब्रेकताई दुसऱ्या फेरीला आली. सलूनवाला दोन्ही हात वर करून उभा. दिवाच नाही, आता कशाला थांबेल? ती आली, तिनं ब्रेक दाबला, पाय टेकला. उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. परत उजवीकडे पाहिलं.

"अगं, दिवा बंद आहे!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "सिग्नल बंद असला की चारी बाजूंनी थांबायचं असतं. लाल बरा, तो निदान कधी संपणार ते कळतं." आणि गेली.

सलूनवाला फूटपाथवर मटकन बसला. सासूबाईंनी छत्री थोडी त्याच्याकडे कलती केली. त्यांच्या परीनं ही मोठीच सहानुभूती होती. "हिचे वडील पण असेच होते," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं काढली. तुम्ही एक फेरी काढा."

एकच फेरी उरली होती आणि भोंगा लांब नव्हता. लांबवर ती छोटी बस उभीही राहिली होती, इंजिन घरघरत. सलूनवाला बसल्या बसल्या विचार करू लागला. हिला दिव्याच्या वरचढ कोण? नवरा नाही, आई नाही, आयोजक नाहीत. मग त्याला आठवलं. दरवर्षी शाळा सुरू होते तेव्हा ती बसमध्ये उभी राहून पोरांना एक भाषण देते, आणि त्याचा सराव घरी त्याच्यासमोर करते. लाल दिवा म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, आणि शेवटी: "पण पोलिसाचा हात दिसला तर दिव्याकडे बघायचं नाही. हात दिव्यापेक्षा मोठा."

तो ताडकन उठला.

चौकातला हवालदार झाडाखाली खुर्ची टाकून, पट्टा सैल करून, टोपीनं वारा घेत बसला होता. भरघोस मिशीचा माणूस. ती मिशी दर पंधरवड्याला सलूनवालाच कोरून देतो.

"हवालदार, उठा. चौकात उभे राहा आणि हात दाखवा."

"कुणाला? रस्त्यावर आहे कोण?"

"माझी बायको येतेय."

"मग येऊ दे की. रस्ता मोकळा आहे. बाहेर काय ऊन आहे बघा, माझं डांबर होईल."

"तुम्ही हात दाखवल्याशिवाय ती जाणार नाही."

हवालदारानं टोपीनं वारा घेणं थांबवलं. मग त्याला सगळं उमगलं, कारण त्याची मुलगीही त्याच बसनं शाळेत जाते. "अच्छा, ब्रेकताई का. तरी पण साहेबांच्या हुकमाशिवाय—"

"पुढच्या मंगळवारी तुम्ही माझ्या खुर्चीत बसणार आहात," सलूनवाला अगदी मऊ आवाजात म्हणाला. "डोळे मिटून. माझा हात हल्ली फार थरथरतो हो. झोप होत नाही."

हवालदाराचा हात आपसूक मिशीकडे गेला. तो उठला, पट्टा आवळला, टोपी घातली आणि वायरलेसवर पुढच्या चौकांना निरोप दिला. निरोप असा होता: "शाळेची बस येतेय, सायकलवर. सगळ्यांनी चौकात उभं राहायचं आणि नीट हात दाखवायचा. नीट म्हणजे पुस्तकातल्यासारखा, नाहीतर ती उतरून शिकवत बसेल."

ती तिसऱ्या फेरीला आली तेव्हा चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. चौकाच्या मधोमध हवालदार घामानं निथळत उभा. त्यानं एक हात आडवा केला, दुसऱ्यानं पुढे जा अशी खूण केली. तिनं ब्रेककडे गेलेली बोटं उचलली, हवालदाराला मान लववली आणि चौक सुसाट पार केला. सलूनवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिला न थांबता जाताना पाहिलं. पुढच्या चारही चौकांत तसंच. भोंगा वाजला तेव्हा तिची सायकल स्टँडला लागलेली होती, आणि ती बुटांच्या नाड्या बांधत होती. दोन गाठी. सगळे एकच मारतात.

आता उरलं पळणं, त्यालाही वेळेची मर्यादा होतीच, आणि खरी परीक्षा तीच. उन्हानं जमीन तव्यासारखी झालेली आणि हवा इतकी ओली की श्वास घेतला तरी गिळल्यासारखा वाटायचा. तगडे तगडे लोक तिला मागे टाकून गेले. आणि ही? दर थोड्या अंतरावर पाण्याचं टेबल होतं, तिथे ही थांबायची. पूर्ण थांबायची. एक पेला पाणी प्यायची, एक डोक्यावर ओतायची, बर्फाचा तुकडा टोपीखाली ठेवायची, मग निघायची.

"अगं, पळता पळता पी," सलूनवाला कडेनं धापा टाकत म्हणाला. "सगळे तसंच करतात."

"चालत्या बसमध्ये कुणी चढायचं नाही," ती म्हणाली, "पाणी पण नाही."

त्यानं नाद सोडला. पण अर्ध्या वाटेनंतर काय झालं, तर ते तगडे लोक एकेक करून कडेला दिसू लागले. कुणी झाडाखाली आडवा, कुणी पोटऱ्या धरून बसलेला, कुणी बादलीत पाय घालून आईची आठवण काढतोय. ती छोटी बस त्यांना गोळा करत मागून येत होती, आणि ही आपली बसच्या पुढे, त्याच चालीनं, थांबा आला की थांबत, थांबा सोडला की पळत. शेवटच्या टप्प्यात बस अगदी तिच्या पाठीशी आली. क्लचचा करकर आवाज येत होता. ब्रेकताईनं पळता पळता मागे वळून ड्रायव्हरला सांगितलं, "पाय काढ क्लचवरून. जळेल."

आणि त्यानं काढला.

वेळ संपायला थोडा अवकाश असताना तिनं रेषा ओलांडली. अर्थात ओलांडण्याआधी दोन्ही बाजूंना पाहून. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. सासूबाई म्हणाल्या, "उशीर केलास," आणि पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसलं. जावयानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

घरी निघताना सासूबाई मागे बसल्या आणि लगेच घोरू लागल्या. सलूनवाल्यानं गाडी सुरू केली. वीज परत आली होती. पहिल्याच चौकात पिवळा दिवा लागला आणि त्यानं, थकून गेलेल्या माणसानं, गाडी तशीच पुढे नेली.

"बाजूला घ्या," ती म्हणाली.

"अगं, तुझे पाय लाकडाचे झालेत."

"बाजूला घ्या. मी चालवते."

त्यानं गाडी बाजूला घेतली. ती विव्हळत, दाराला धरून, फेरी मारून ड्रायव्हरच्या जागेवर आली. पुढच्या चौकात दिवा लाल होता. तिनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि समोर बघत म्हणाली, "मी काय म्हणते, पोहताना अजून थोडा वेळ वाचवता आला असता. पुढच्या वर्षी..."

आणि तिचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. झोपली.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. सलूनवाल्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. उठवलं तर ती वाक्य पुरं करणार.

मागच्यांचा आरडाओरडा ऐकून मिशीवाला हवालदार आला, खिडकीत वाकला. सलूनवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं. हवालदारानं आत पाहिलं, पदक पाहिलं, ओढलेला हँडब्रेक पाहिला. मग सरळ उभा राहिला, मागच्या गाड्यांकडे तोंड केलं आणि पुस्तकातल्यासारखा हात दाखवून त्यांना बाजूनं काढू लागला.

दिवा पुन्हा लाल झाला.