गाळलेलं पाणी

निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही जैन म्हणजे पाणी गाळून पिणारी माणसं. आई विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून फडकं अलगद धुऊन ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायची. एवढी कडक बाई! मी तिची यथेच्छ थट्टा करायचो. मी बेळगावात कॉलेजला होतो ना, मला सगळं कळत होतं.

गाळलेलं पाणी साठवायला निळं पिंप मीच आणलं, निपाणीच्या भंगारवाल्याकडून. परदेशी माल, पत्रा जाड, झाकण घट्ट. चिंच आणि राख लावून आम्ही ते लख्ख केलं. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या.

पुढं दोन वर्षांनी, सत्तरचं दशक संपत आलं असताना, गावात एक गोरा पाहुणा आला. दोन-तीन देशांनी मिळून काढलेल्या योजनेत तो गावोगावच्या विहिरी, गटारं, उकिरडे पाहत हिंडत होता. इंग्रजी येतं म्हणून दुभाष्या मी. आमच्या घरी आईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या केला. पाणी गाळण्याची सगळी रीत मी फुशारकीनं सांगितली. तो खूश झाला. मग त्याची नजर पिंपावर गेली. तो वाकला, काठाखाली पत्र्यात ठोकलेली, मला न कळलेल्या भाषेतली अक्षरं त्यानं बोटानं चाचपली आणि तांब्या न पिताच खाली ठेवला.

"ही आमची भाषा आहे," तो म्हणाला. "यात किडे मारायचं विष होतं. आमच्या देशात त्यावर बंदी आहे."

"बंदी आहे, तर इथं कसं आलं?"

"बंदी वापरायला आहे. बनवून बाहेर पाठवायला नाही."

विहीर साफ करायला ज्यांनी माणूस धाडला, त्यांनीच हेही धाडलं होतं! कसंबसं मी ते मराठीत सांगितलं.

दाराआडून वहिनीनं विचारलं, "पोटुशी बाईनं प्यालं तर?"

पिंप आल्यापासून वहिनीची दोन मुलं पोटातच गेली होती, आणि आता तिला सातवा लागला होता. आईनं तिच्या पायगुणावरून तिला नाही नाही ते ऐकवलं होतं. मी ते इंग्रजीत विचारल्यावर पाहुणा म्हणाला, "नक्की सांगता येत नाही. पण आजपासून थेंबसुद्धा नको."

"मग घिऊन जा म्हणावं त्येला, आपल्या देशाला!" आई ओरडली.

ते त्याला जमणार नव्हतं. जाळू नका, पुरू नका, ओढ्यात टाकू नका, एवढं मात्र त्यानं बजावलं. मग करायचं काय? मला त्याचा भयंकर राग आला.

तो गेल्यावर आई वहिनीला म्हणाली, "माझं चुकलं गं पोरी."

वहिनीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"भावजी, पिंप आणलं तवा त्याला एक छापील कागद चिकटलेला हुता. इंग्रजी हुता न्हवं त्यो?"

"व्हय."

"काय लिवलं हुतं त्यावर?"

दिसायला बरा दिसत नाही म्हणून मी तो खुरप्यानं खरडून टाकला होता. वाचला नव्हता.