ऐकू न येण्याचा दाखला

बदल्यांची यादी लागली तेव्हा मी विश्रामबागजवळच्या शाळेत शिकवत होतो. बायकोची नोकरीही सांगलीतच. माझं नाव जत तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका वस्तीशाळेसाठी आलं. आठवड्याभरात मी एका मध्यस्थाकडून दाखला मिळवला: दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. बदली रद्द झाली. माझ्या जागी आमच्याच शाळेतल्या एका बाई गेल्या. त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली होती, हे मला माहीत होतं.

दाखला खोटा आहे हे इतर शिक्षकांना ठाऊक होतं; बाईंना मात्र तो खराच वाटला होता. कुणी तोंड फिरवलं नाही. उलट दोघांनी बाजूला घेऊन मध्यस्थाचा नंबर मागितला, मी दिला. 'अधःपतन' हा शब्द मी वर्गात शिकवलेला आहे. अर्थ सांगताना राजे, दारू, जुगार अशी उदाहरणं द्यायचो. त्यात डबा घेऊन वेळेवर शाळेत येणारा माणूस कधी नसायचा.

दिवाळीला औंधजवळच्या गावी गेलो तेव्हा वडिलांना हे सांगितलं, तेही जरा फुशारकीनंच. ते तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

"कागदावर भैरा झालास व्हय?" त्यांनी विचारलं.

"सगळेच करतात, आबा."

"तोफंनं माझा उजवा कान खरंच गेला. डॉक्टर म्हणला, लिहून देतो, पेन्शन वाढंल. म्या म्हणलं, एका कानानं भागतंय."

एवढं बोलून ते म्हशीला वैरण टाकायला गेले. नंतर निघेपर्यंत माझ्याशी नेहमीसारखंच बोलले.

पुढच्या वर्षी दाखल्यांची फेरतपासणी जाहीर झाली. त्याआधीच मी दाखला मागे घेतला आणि तीच वस्तीशाळा मागितली. आबांमुळे की भीतीनं, ते आजही नक्की सांगता येत नाही. नंबर नेलेल्यांपैकी एक हसला. "येडा हायस गड्या. तपासणीचंबी जमलं असतं."

वस्तीशाळेत बाईंकडून पदभार घेतला. मधल्या काळात त्यांची सासू वारली होती. सासूच्या शेवटच्या दिवशी त्या इथंच होत्या. कुठलं मूल घरी कानडी बोलतं, पाण्याचा टँकर कोणत्या वारी येतो, सगळं त्यांनी नीट समजावलं. एकेक वाक्य सावकाश, मोठ्या आवाजात, माझ्या तोंडाकडे बघत. निघताना म्हणाल्या, "सर, कानाचं यंत्र लावून घ्या. लाजू नका."

मी मान हलवली. त्यांची एसटी आली आणि त्या गेल्या.