भुईवरून उठायची शर्त

वालूर सोडलं त्या दिवशी लेकानं, बालाजीनं, जीप थेट दारात आणली. मी पुढं बसलो. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन धोतरं आन् हिचा फोन. कुलूप शेजारच्या हरिभाऊनं लावलं, माझा हात उचलत नव्हता. आळीतल्या बाया म्हणल्या, "चार दिस जाऊन या." तोंड उघडलं असतं तर शिवी निघाली असती. गावकऱ्यांनो, तुमच्यावर राग नव्हता. बायको मेल्यावर राग कुणावर काढायचा ते कळत न्हाई.

तुमची काकू जाऊन तवा महिना बी झाला नव्हता. त्यात मी अंगणात पडलो. सकाळी पडलो, हरिभाऊ आला तवा ऊन डोक्यावर होतं. तवर मी पालथाच. एक कुत्रं येऊन हुंगून गेलं, त्याला बी मी कामाचा वाटलो न्हाई. हाड मोडलं नव्हतं, पण बालाजी ऐकंना. "आबा, आता पूर्णेला चला." त्याची तिथं रेल्वेतली नोकरी, रोज वालूरला कोण येणार? त्याचं खरं होतं. खऱ्याचाच लय राग येतो.

पूर्णेचं घर चांगलं हाय. फरशी अशी की तोंड दिसतं. पण मला बसवंना. वालूरला पहाटे गोठा, मग शेत, मग पारावर दोन घटका. इथं दारापासून खिडकी आन् खिडकीपासून दार. टेशनात गाडीचा भोंगा वाजला की मी उठून उभा, जसं काय मलाच बोलवायलेत. सुनबाई म्हणायची, "मामा, चहा ठिवू का?" दिवसात धा डाव. चहाला काय करू?

एक दिवशी बालाजीला सरळ इचारलं, "मला माघारी कधी सोडतोस?" तो म्हणला, "भुईवर पाठ टेकून झोपा आन् कशाला न धरता एकल्यानं उठून दाखवा. त्या दिवशी मी सोता नेऊन घालतो." शर्त रास्त होती. मोडायला जागा नव्हती.

त्यानंच हिच्या फोनवर म्हाताऱ्यांचा व्यायामाचा क्लास लावून दिला. सकाळी सातला. शिकवणारी मॅडम पुण्याची, माझ्या नातीच्या वयाची. आमी बाराजण. कोण जिंतूरचं, कोण नांदेडचं, कोण मुंबईला लेकीकडं जाऊन पडलेलं. फोन तांब्याला टेकवायचा, खुर्ची समोर घ्यायची. पहिल्या दिवशी मी एकेकाला गाव इचारून राम राम घातला. मॅडम म्हणल्या, "काका, टाइम जातोय, म्यूट करा." मी म्हणलं, "बाई, आधी माणसाला राम राम, मग पाय वर." आता रोजची पाच मिनिटं त्यातच जातात. मॅडमनं बी आदत लावून घेतली.

बसल्या जागी पाय वर, भिंतीला हात लावून टाचा वर, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. सगळं केलं. मांड्यांत जीव आला. पण शेवटाला मॅडम म्हणायच्या, "आता सगळ्यांनी जमिनीवर पाठीवर झोपायचं." सगळे झोपायचे. मी खुर्चीवरच. गुडघ्याचं नाव सांगायचो. खोटं बोलायचो.

जल्मभर वावरात भुईवर निजलेला माणूस मी. पण जीव जायच्या वक्ताला माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. हिला मी घेतलं. बालाजीची गाडी पोचायची होती. हरिभाऊनं पाय धरले, मी काखंत हात घातले. डोळे उघडे होते तिचे, माझ्याकडंच बघायली होती. तिला कळलं असंल का, की यानं मला खाली घेतलं म्हंजे यानं बी आशा सोडली? हे कुणाला इचारू? तवापासून झोपायला भुईकडं वाकलो की पाठ आखडती.

असे दोन महिने गेले. एका सकाळी जिंतूरच्या कौसाबाई बोलल्या. बाई सत्तरीची, तोंडाची फटकळ. "ओ वालूरकर, फरशी चावती का तुमाला? रोज देवावानी वर बसायलात आन् आमी खाली." सगळे हसले. माझं डोकं फिरलं आन् तोंडातून निघून गेलं, "हिला मीच खाली घेतलं होतं, बाई."

मॅडमला उमजलं न्हाई. "कुठून खाली घेतलं, काका?" पण बाकीच्यांना उमजलं. कौसाबाईनं पदरानं नाक पुसलं. म्हणल्या, "माझ्या मालकाला मी घेतलं. दंड धरला होता त्यांनी माझा, सोडंनात. खाली टेकले तवा हात ढिला पडला. आपण त्यांना सोडलं न्हाई, भाऊ, त्यांचं आंग हलकं केलं. झोपा आता. आमी बी झोपतो."

मी झोपलो. पाठीला गार लागलं. रडलो. फोनचा आवाज चालूच होता, सगळ्यांनी ऐकलं. मग कुशीवर वळलो, कोपर टेकलं, एक गुडघा, दुसरा पाय, आन् उभा. कशाला धरलं न्हाई. वळून बघतो तर दारात बालाजी, ड्युटीला निघालेला. शाबास म्हणला न्हाई. "सोमवारची सुट्टी टाकतो," एवढंच. बूट घालायला खाली वाकला तो लय येळ वर बघंना.

तर सोमवारी यायलोय, हे कळवायला लिहायलोय. पिशवी भरली, उपसली, परत भरली. जायला मिळंना म्हणून जीव परेशान होता, आता जायचं ठरलं तरी परेशानच. वालूरला दार माझं, अंगण माझं. पण सकाळी सातला मी दिसलो न्हाई तर "वालूरकर कुठाय" म्हणून इचारणारी माणसं फोनात हायेत. लेक इथं हाय. तुमची काकू कुठंच न्हाई. घर कुठलं म्हणून कुणी इचारलं तर पहिल्यावानी पटकन नाव सांगता येत न्हाई आता. तुमच्यातले जे माझ्यावानी लेकाकडं गेलेत त्यांचं बी असंच होत असंल, कबूल करा न करा.

हरिभाऊ, तू एक काम कर. तुझा फोन घेऊन माझ्या घरात खोली-खोली फिर, रेंज कुठं चांगली येती ते बघ. तिथली कणगी, पेटी, काय असंल ते बाजूला सार. मला आडवं होता यावं आन् उठता बी यावं, एवढी भुई मोकळी करून ठिव.