पाच हजार फुटांवर थांबणारा काटा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. भंगाराच्या धंद्यातला माणूस वस्तू ठोकून, उलटी करून पाहतो, मगच मानतो. तरीही हे लिहितोय… कारण इतकी वर्षं उलटून पाहूनही याचा तळ मला सापडलेला नाही.

ठिकाण पूर्णा, जिल्हा परभणी. चुडाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पत्र्याचं गोदाम होतं. साल साधारण पंच्याऐंशी. नामांतराचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. हातगाडीपासून सुरुवात करून मी ते गोदाम उभं केलं होतं, कुणाच्या एका रुपयाशिवाय. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जवळचा म्हणावा असा एकच — बायकोचा धाकटा भाऊ सोपान. सैन्यात विमानांची मीटरं दुरुस्त करायचा, नोकरी संपवून घरी आलेला.

एका लिलावात मला विमानाची सहा जुनी मीटरं मिळाली. कुठलं उंचीचं, कुठलं वेगाचं. किलोवर सौदा. काट्यावर ती अंदाजापेक्षा हलकी भरली, म्हणून भांडून मी आणखी भाव पाडला. घरी आल्यावर सोपानने एक मीटर हातात घेतलं, कानाशी हलवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "दाजी, इकू नका. आपण ह्याचं विमान बांधू."

आज मुलं कॉम्प्युटरवर विमान चालवतात. गोदामात बांधलेलं आमचं विमान असं — प्लायवूडचं नाक, ट्रॅक्टरच्या दोन सीटा, आणि समोर पंख्याच्या मोटारीवर सरकणारं मांजरपाटाचं कापड. त्यावर सोपानने पूर्णा नदी, रेल्वेचा रूळ, येलदरीचं धरण रंगवलेलं. डावीकडे मी, उजवीकडे तो. मी दांडा ओढला की उंचीचा काटा चढायला लागायचा. हजार… दोन हजार… पाच हजारांवर गेला की सोपान म्हणायचा, "बस दाजी, लय थंडी वाजायलीय." बाहेर मे महिना असला तरी.

दोन वर्षं हा आमचा रोजचा संध्याकाळचा उद्योग होता.

मग एका रविवारी ओळखीचे एक हेडमास्तर बघायला आले. सोपान त्यांना म्हणाला, "मी आन् दाजींनी बांधलंय." आधी 'मी', मग 'दाजी'. माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसमोरच म्हणालो, "माल कुणाचा? जागा कुणाची? ह्यातला एक स्क्रू तरी तुझा हाय का?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "न्हाई. समदं तुमचंच हाय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी बाजारात असताना येऊन आपली अवजारांची पेटी घेऊन गेला. पुढे कळलं, येलदरीला वीजघरात कामाला लागलाय.

माझं म्हणणं सरळ होतं. तो लहान, त्याने यायचं. तीन वर्षं आला नाही.

मी एकटाच बसायचो. दांडा ओढायचो, काटा चढायचा, पाच हजारांवर थांबायचा. मीही थांबायचो. शेजारून कुणी काही बोलायचं नाही… मग मी दांडा पुढे ढकलून खाली यायचो. सोपानवाचून माझं काही अडत नाही, हे तो काटा मला रोज दाखवत होता. मला तेवढं पुरत होतं — किंवा मी तसं म्हणत होतो.

एका सकाळी मीटरांच्या मागून कुंभारमाश्यांची ये-जा दिसली म्हणून मी पुढची फळी उघडली. उंचीच्या मीटरच्या पोटात काहीच नव्हतं. यंत्र विकण्याआधीच कुणीतरी काढून घेतलेलं, नुसता डबा. काट्याला मागून एक लाकडी चक्री जोडलेली आणि तिच्यावर माशीचं मातीचं घर. जुनं, वाळून दगड झालेलं. चक्री बोटाने हलेना. दांड्याच्या बुडाशी फक्त स्प्रिंग होती, दुसरं काही नाही.

आदल्याच संध्याकाळी मी पाच हजार फुटांवर गेलो होतो.

सोपानने मला फसवलं म्हणून तणतणत येलदरीची दुपारची एसटी धरली. तो ओट्यावर मासा साफ करत बसला होता. "या दाजी," म्हणाला, जसा काही मी कालच येऊन गेलो होतो.

"मीटरं रिकामी होती?"

"पोट रिकामं म्हणूनच हलकी भरली ना. तुमी तर भाव पाडून खूश."

"मग बोलला का नाहीस?"

"अक्का गेल्यापास्नं तुमाला पहिल्यांदाच हसताना बघितलं." मग त्याने सांगितलं. त्याच्या सीटखाली एक पट्टी होती, तिथून चक्रीपर्यंत सायकलच्या ब्रेकची केबल. मी दांडा ओढला की तो पायाने पट्टी दाबायचा.

"मग ही तीन वर्षं कोण दाबत होतं?"

त्याचा हात थांबला. "कसली तीन वर्षं? पेटी न्यायला आलो तवाच केबल काढून आणली मी." आत जाऊन त्याने ती आणून दाखवली.

"का काढलीस?"

"म्हटलं, काटा बंद पडला की दाजी भांडायला येतील. तुमी भांडण सोडणारे न्हाईत. सहा महिने रोज एसटी बघितली मी. मग सोडून दिलं."

मी त्याला सांगितलं, काटा कालपर्यंत रोज पाच हजारांवर चढत होता. तो हळूच म्हणाला, "अक्का असंल, दाजी."

"तुझ्या अक्काला जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा चक्कर यायची," मी म्हणालो. "आणि तिचं चाललं असतं तर तिने पहिल्याच दिवशी काटा अडवून मला तुझ्याकडे धाडलं असतं."

सोपान पूर्णेला परत आला नाही. त्याचं तिकडे बस्तान बसलं होतं, आणि 'चल' हा शब्द माझ्याही तोंडून निघाला नाही. गोदामात येऊन मी माशीचं घर फोडलं, चक्री मोकळी केली. त्यानंतर काटा एकदाही हलला नाही.

कुणी म्हणतं हवेचा दाब, कुणी म्हणतं एकट्या माणसाच्या मनाचा खेळ. रिकाम्या डब्यावर दाब काय करणार, आणि मन तीन वर्षं रोज संध्याकाळी कसं खेळेल, हे कुणी सांगत नाही. ज्याने कुणी तो काटा हलवला, त्याने माझी दया येऊन हलवला असेल. पण त्या दयेपायी आमची तीन वर्षं गेली… आणि त्याबद्दल भांडायला कुणाच्या दारात जावं, हे मला अजून कळलेलं नाही.